गावाने मागितलेली बोअर

शनिवारी शाळकरी वामेची माती होती. ओत्सिले तिच्या अंगणात शिरला तेव्हा शेजारणी चुलीवर मोठाल्या पातेल्यांत मका शिजवत होत्या. जिल्हा परिषदेचा सदस्य आला म्हणून कुणीतरी खुर्ची पुढे केली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेतून परतताना वामे नदीत वाहून गेली होती.

नदी कसली, एरवी नुसती वाळू. गेल्या साली परिषदेचा निधी आला, तेव्हा ओत्सिलेने गावप्रमुखापुढे सभेत विचारलं, काय करायचं? एकजात सगळे म्हणाले, गुरांसाठी बोअर! शाळेच्या वाटेवर साकव हवा, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण सभेत सदस्याने बोलायचं नसतं, ऐकायचं असतं. त्याने ऐकलं. उठताना रिवाजाप्रमाणे साऱ्यांनी पावसाच्या नावाने गजर केला. त्यानेही घसा फोडला आणि परिषदेत जाऊन बोअरसाठी हात वर केला. निवडणूक तोंडावर होती, हेही खरं. लोकांचं ऐकलं म्हटलं की स्वतःची भीती कशी छान झाकली जाते!

आत वामेची आई जमिनीवरच्या गादीवर बसली होती. सारं गाव तिला म्मावामे म्हणायचं, लेकीच्या नावाने. आज ती हाक त्याच्या तोंडून निघेना. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याचे डोळे वाहू लागले.

"रडू नका, दादा," तीच म्हणाली. "तुमचा काय दोष? गाव बोललं ते तुम्ही केलंत. पहिली तर मीच उठले होते. भावाची गुरं तहानेने मरत होती ना. बोअर द्या, बोअर द्या! माझ्याच तोंडाने मागितली मी."

तिथेच उठला असता तर सुटला असता. पण तिने सगळं पाप स्वतःच्या पदरात घेतलेलं त्याला बघवेना.

"मला साकव हवा होता," तो पुटपुटला. "पाणी चढलं की पोरं अडकणार, हे मला तेव्हाच दिसत होतं."

म्मावामेने डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"मला नव्हतं दिसत, दादा. मला गुरंच दिसत होती. मग मी उठून बोअर मागत होते, तेव्हा 'खाली बस, बाई, तुझी पोर त्याच वाटेने जाते' एवढं का नाही म्हणालात?"