साडेनऊ फूट

"आलं का डोकं?" केयूरनं ओरडून विचारलं.

"तुझा डोका खंयच्याच फोटोत बसणा नाय," त्याचे वडील अण्णा म्हणाले आणि फोन धरून आणखी दोन पावलं मागं सरकले. "मार आता."

दिंडोशीच्या त्यांच्या कॉलनीत सकाळचे साडेसात वाजले होते. सहा फूट सात इंच उंचीचा, चौतीस वर्षांचा केयूर तोरसकर बास्केटबॉल घेऊन धावत सुटला, रिंगजवळ उडाला आणि त्यानं चेंडू वरून दाणकन आत कोंबला. डंक! गेल्या दीड वर्षात त्याला हे एकदाही जमलं नव्हतं. विश्वास बसेना म्हणून त्यानं पुन्हा मारला. तिसऱ्यांदा तर दोन्ही हातांनी मारून लहान पोरासारखा रिंगेला लोंबकळला. दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या कमलमावशी थांबून बघतच राहिल्या.

"गावलो!" अण्णा म्हणाले. "डोक्यासकट गावलो."

घाम पुसायच्या आधीच केयूरनं व्हिडिओ ड्रागानला पाठवून दिला. ड्रागान हा त्याचा एजंट. राहायला बेलग्रेडला, बोलायला फटकळ. मॅसिडोनियातल्या एका क्लबला उंच खेळाडू हवा होता आणि ड्रागाननं स्पष्ट सांगितलं होतं, जुने व्हिडिओ चालणार नाहीत, ताजा पाठव. चौतिशीतला माणूस अजून उडतो का, एवढंच त्यांना बघायचं आहे.

केयूरच्या पायाला भिंगरीच होती. एकविसाव्या वर्षी खेळाच्या कोट्यातून लागलेली सरकारी नोकरी त्यानं चोविसाव्या वर्षी सोडली आणि बहरीनला गेला. तेव्हा अण्णा महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. मग थायलंड, मंगोलिया, जॉर्जिया. आठ सीझन, चार देश. वर्तमानपत्रात नाव कधी आलं नाही, पण पासपोर्ट मात्र दोनदा भरला. कुठलाही क्लब त्याला एका सीझनपलीकडे ठेवून घ्यायचा नाही, आणि सीझन संपला की स्वारी परत दिंडोशीत, दाराच्या चौकटीला डोकं आपटायला. या खेपेला मात्र चौदा महिने झाले तरी कुणी बोलावलं नव्हतं. कित्येक महिने तर तो खाली कोर्टावरही उतरला नव्हता. घरात तो सारखा उठबस करायचा. फोन बघायचा, फ्रिज उघडायचा, काही न घेता लावायचा.

"पाठवलास?" तो वर येताच नीलमनं विचारलं. त्याची बायको दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो होती. शनिवारची सुट्टी असूनही ती सहाला उठून बसली होती.

"पाठवला. झकास आलाय. बघ."

तिनं बघितला. दुसऱ्यांदाही बघितला. "मस्त," ती म्हणाली. मग फोन परत देत म्हणाली, "मालाडच्या शाळेला काय सांगायचं? सोमवारी कळवायचंय ना कोचच्या जागेचं?"

"सोमवारी बघू ना यार."

"केयूर, सात वर्षं झाली लग्नाला. त्यातली घरी किती होतास, मोज एकदा."

त्यानं मोजलं नाही. तिनंही पुढं विचारलं नाही, कारण दर वर्षी हे बोलणं इथंच येऊन थांबायचं.

संध्याकाळी पाचला ड्रागानचा फोन आला. क्लबला व्हिडिओ फार आवडला, करार पाठवतोय, सोमवारी सही करून दे, बुधवारचं विमान. फोन ठेवला आणि केयूरला घर पुरेना. आईनं चहा ठेवला होता, तो तसाच सोडून तो खाली कोर्टावर गेला. चेंडूही नेला नव्हता. नुसता फिरत राहिला.

बुटाची नाडी सुटली म्हणून तो रिंगच्या खांबाशी टेकला आणि त्याला चुकल्यासारखं झालं. लहानपणापासून तो याच खांबाच्या पायथ्याच्या लोखंडी पत्र्यावर बसून नाड्या बांधायचा. पत्र्याचे चार बोल्ट पार्श्वभागाला टोचायचे. तो पत्रा कुठंच नव्हता. खांब सरळ लाल-करड्या पेव्हर ब्लॉकमधून वर आला होता.

तो वर गेला. अण्णा गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते, त्यांची हत्यारांची पेटी अजून जागेवर होती. त्यातली टेप घेऊन तो खाली आला, मागोमाग अण्णाही आले.

"अण्णा, हे ब्लॉक कधी बसवले?"

"मे म्हयन्यात. थंय पाणी साचत होता. कमिटीत भांडान मियाच घालून घेतलंय," अण्णा कौतुकानं म्हणाले. "जुन्या कोब्यावर रेती, रेतीवर ब्लॉक. बघ कसो लेव्हल आसा."

"आणि रिंग?"

"रिंगेक काय झाला? रिंग आसा थंयच आसा."

केयूरनं टेपची पट्टी वर सरकवत तिचं टोक रिंगेला अडकवलं आणि टेप जमिनीपर्यंत ओढली. नऊ फूट सहा इंच. रिंग दहा फुटांवर असते, जगात कुठंही गेलं तरी दहा. तो उंच उडाला नव्हता. अण्णांनी जमीन वर आणून दिली होती.

अण्णांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते खाली बघत म्हणाले, "कोणाक कळतला? थंय कोण टेप घेऊन येतलो हा?"

"पहिल्या प्रॅक्टिसला कळेल, अण्णा."

परदेशी खेळाडूला तिकडं 'इम्पोर्ट' म्हणतात. दोन सामन्यांत चमकला नाही तर तिसऱ्याला त्याच्या जागी दुसरा येतो. थायलंडला केयूर असाच कुणाच्या तरी जागी गेला होता, आणि तो कुणीतरी बॅग घेऊन हॉटेलच्या जिन्यात त्याला भेटला होता. दोघांनी हात मिळवले होते. केयूरला आता राग आला होता, पण अण्णांवर नाही. सकाळच्या त्या तीन डंकांनी त्याला जो आनंद झाला होता, त्याचीच त्याला लाज वाटत होती.

रविवारी सकाळी नीलमला घेऊन तो मालाडच्या त्या शाळेत गेला. कोचच्या जागेसाठी आलेला माणूस म्हणून वॉचमननं फाटक उघडून दिलं. केयूरनं आधी रिंग मोजली. बरोबर दहा.

"तू घे व्हिडिओ," तो म्हणाला. "मध्ये बंद करू नको."

पहिल्या उडीला बोटं रिंगेला लागली आणि चेंडू मागं उडाला. दुसऱ्यांदा मनगट आपटलं. चौथ्या उडीपासून डावा गुडघा बोलायला लागला. सातव्यांदा चेंडू रिंगेच्या कडेवर क्षणभर बसला आणि बाहेर पडला. दहाव्यानंतर तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला.

"ए, सॉरी," नीलम म्हणाली. "माझ्याकडनं बटणच दाबलं गेलं नव्हतं रे. परत मार ना. आता नीट धरते."

बोलताना तिनं फोन खाली घेतला होता आणि त्यावरचा रेकॉर्डिंगचा लाल ठिपका त्याला तिथूनही दिसत होता. तरी त्यानं आणखी दोन उड्या मारल्या.

"अजून एक. थोडक्यात गेला, केयूर. एकदाच."

"पुरे गं," तो म्हणाला.

दोघं पायरीवर बसले. त्यानं फोन घेतला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. बाराच्या बारा उड्या त्यात होत्या. चेंडूचा आवाज, बुटांची करकर, आणि फोनच्या अगदी जवळून, प्रत्येक उडीच्या आधी, दबक्या आवाजात नीलम म्हणत होती, "होईल. होईल. आता होईल."

दर वर्षी विमानतळावर तोंड फिरवून उभी राहणारी नीलम. त्यानं तिच्याकडं बघितलं. ती ओढणीनं फोनची काच पुसायला पुढं झाली, काहीतरी करायला हवं म्हणून.

"आवाज बंद कर निदान," ती म्हणाली. "येड्यासारखी बडबडलेय मी."

"राहू दे."

त्यानं ड्रागानला लिहिलं की कालची रिंग सहा इंच खाली होती, हा व्हिडिओ खरा आहे. मग बाराही उड्या, तिच्या आवाजासकट, तशाच पाठवून दिल्या.