तरंगउशी आणि दोन मापं

बुधवारी सकाळी साडेनऊलाच जिन्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्याच्या हॉलपर्यंत माणसंच माणसं. लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी, त्यामुळे आजोबा कठड्याला धरून आणि काकू गुडघ्यांना धरून चढत होत्या, पण तक्रार कुणाचीच नव्हती. वर तरंगउशी होती. तिच्यावर दहा मिनिटं हात ठेवला की रक्तदाब उतरतो, आणि तोही सगळ्यांदेखत, भिंतीएवढ्या पडद्यावर.

टेलरबाई थोरल्या बहिणीला, अक्काला, घेऊन रांगेत उभ्या होत्या. आई गेल्यावर त्यांना अक्कानेच वाढवलं होतं, पहिलं शिलाई मशीनही तिनेच आपल्या पगारातून घेऊन दिलं होतं. त्यामुळे अक्का म्हणाली चल, की टेलरबाई निघायच्या. खरं तर उशीवरचे निळे अभ्रे त्यांनीच शिवले होते आणि आत साधा कापूस आहे हे त्यांनी बोटांनी चाचपलं होतं. पण अक्काकडे उत्तर तयार होतं.

"अभ्रा तुझा गं. आतले तरंग त्यांचे."

हॉलच्या दारात तरंगउशीवाल्या साहेबांचा मदतनीस उभा होता. त्याने अक्काचा हात तसाच लोंबकळता ठेवून स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा आवळला आणि यंत्र सुरू करून प्रश्नांची सरबत्ती लावली.

"वय किती? झोप लागते? सुनेशी पटतं?"

"सुनेशी?" अक्का धापा टाकतच म्हणाली, आणि मग तिला थांबवणं कठीण झालं. पडद्यावर वरचा आकडा झळकला, एकशे अडुसष्ट. गर्दीने हळहळ व्यक्त केली.

आत पंखा, पाठीला टेकण असलेली खुर्ची, मंद संगीत. साहेब व्यासपीठावरून बोलत होते. ते स्वतःला संशोधक म्हणवत आणि त्यांचा पांढरा कोट इतका कडक होता की तो त्यांच्याशिवायही उभा राहिला असता.

"परवाच, अगदी परवाच, परदेशातल्या सतरा प्रयोगशाळांत एकाच वेळी सिद्ध झालंय. गोळी पेशीला दटावते. उशी पेशीला समजावते. दटावलेली पेशी रुसते, समजावलेली नांदते. आता दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. तरंग लाजतात."

सतरा प्रयोगशाळा कोणत्या, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं तर आपणच अडाणी ठरायचो. अक्काने स्वेटर काढून उशीवर हात ठेवला, दहा मिनिटांनी यंत्र फिरलं आणि आकडा आला एकशे छत्तीस. हॉल टाळ्यांनी दणाणला. शेजारची काकू तर अक्काच्या पाया पडायला निघाली होती.

तिथेच विकत घेतलेली एक तरंगउशी घेऊन घरी येताच अक्काने रक्तदाबाच्या गोळ्या उचलून कपाटात टाकल्या.

"अक्का, डॉक्टरांना तरी विचार."

"डॉक्टर जुने झाले. हे नवं संशोधन आहे."

टेलरबाईंना त्या दिवशी मशीनवर बसवेना. अक्काला दोन वर्षांपूर्वी याच रक्तदाबापायी चक्कर येऊन ती स्वयंपाकघरात पडली होती, ते दृश्य काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण अक्काशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान उलट बोलत नाही.

शुक्रवारी दुकानात एक विमा एजंट पँट घेऊन भांडायला आला. पँट कमरेला घट्ट होते, तुम्ही कापड खाल्लं, असं त्याचं म्हणणं. टेलरबाईंनी त्याला उभं केलं, टेप लावली आणि हसल्या.

"दादा, माप देताना पोट आत ओढलं होतंत. आता सोडलंय. दोन्ही मापं खरी, पण पोट एका रीतीचं नाही. यात कापडाचा काय दोष?"

बोलता बोलता त्या थांबल्या. टेप हातातच राहिली. कोटावरून घेतलेलं माप आणि कोट काढून घेतलेलं माप यांची तुलना नवशिका शिंपीसुद्धा करत नाही, आणि आपण सगळे तिसऱ्या मजल्यावर बसून तेच करून टाळ्या वाजवतोय!

एजंटाला तसंच बाहेर उभं ठेवून त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि उरलेल्या अभ्र्यांचं गाठोडं पाठीवर मारून त्या हॉलच्या इमारतीत शिरल्या. जिन्याकडे वळणार तोच वॉचमन म्हणाला, "ओझं घेऊन कशाला चढता? लिफ्ट चालू आहे की."

"पण ती पाटी?"

"ती साहेबांची. बुधवारपुरती लावतात, संध्याकाळी काढतात."

गाठोडं वर पोचवून टेलरबाई थेट दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेल्या. सिस्टरने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, नव्या अभ्यासांतही हेच दिसलंय, नुसता हात लोंबता ठेवला तरी आकडा फुगतो. वर तीन जिने, बाहीवरून पट्टा, त्यात सुनेची चौकशी. मग काय, चांगल्या माणसाचाही चढेल. माणूस पाच मिनिटं शांत बसला पाहिजे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड छातीच्या पातळीवर टेकवलेला, आणि तोंड बंद. ते पहिलं माप चुकीचं घेतात आणि दुसरं बरोबर. उशी मधल्यामधे भाव खाते."

पुढच्या बुधवारी सिस्टर स्वतःचं यंत्र घेऊन हॉलमध्ये हजर झाल्या. साहेब सतराव्या प्रयोगशाळेपर्यंत पोचले होते, तेवढ्यात टेलरबाई उठल्या. आवाज दुकानातलाच निघाला.

"साहेब, एक माप माझ्या रीतीने घेऊ द्या. उशीशिवाय."

"ताई, विज्ञानात लुडबुड नको."

"लुडबुड कसली, तुमच्या उशीची कीर्तीच वाढेल."

लोकांना गंमत वाटली. त्यांनी व्यायामशाळेच्या मास्तरला पुढे ढकललं. गडी धट्टाकट्टा. त्याचा दारातला आकडा होता एकशे बावन्न. त्याला खुर्चीवर दहा मिनिटं गप्प बसवलं आणि दंडाखाली उशीऐवजी दुकानातल्या कात्रणांची पिशवी दिली. सिस्टरने मोजलं. एकशे बावीस.

"कात्रणांतही तरंग आहेत वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल खदखदला.

"आता उलटं," टेलरबाई म्हणाल्या. "मास्तर, ही तरंगउशी छातीशी धरा, खाली जा आणि धावत वर या."

मास्तर उशी कवटाळून सुटला. तो वर आला तेव्हा सिस्टरने त्याला उभाच ठेवून लोंबत्या हातावर, बाहीवरून पट्टा लावला आणि गोड आवाजात विचारलं, "सासऱ्यांशी पटतं?" आकडा एकशे अठ्ठावन्न. उशी अजून त्याच्या काखेत होती. लोक पोट धरधरून हसत होते.

साहेबांची भंबेरी उडाली. "शंकेखोर माणसं जवळ असली की तरंग काम करत नाहीत."

"मग मघाशी कात्रणांनी कसं केलं? त्यांना शंका चालते?" टेलरबाईंनी विचारलं. "आणि खालची लिफ्ट का बंद ठेवता? तिलाही तरंग सोसत नाहीत?"

टेलरबाईंनी आधीच सांगून ठेवलेल्या वॉचमनने लिफ्टची पाटी वर आणून टेबलावर ठेवली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि संशोधन अर्धवट सोडून ते दाराबाहेर पडले.

हशा चालू असतानाच टेलरबाईंनी अक्काला खुर्चीवर बसवलं. पाठ टेकली, पाय जमिनीवर, बाही वर. अक्काने हट्टाने तरंगउशीच दंडाखाली घेतली. पाच मिनिटं झाली. सिस्टरने एकदा मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं, आणि मग आकडा सांगितला. एकशे शहात्तर.

आठ दिवस गोळी बंद होती आणि आठही दिवस अक्का घरी त्या उशीवर रोज हात ठेवत होती. टेलरबाईंना रडू आवरेना. त्यांनी बहिणीचा हात घट्ट धरला.

"आज आत्ता डॉक्टरांकडे जायचं," सिस्टर म्हणाल्या. "आणि बाकीच्यांनीही ऐका. नवं संशोधन आहे म्हटलं की लगेच मान डोलवू नका. मोजलं कसं, आधी आणि नंतर एकाच रीतीने मोजलं का, आणि उशी न दिलेल्यांचं काय झालं, एवढं तरी विचारा. खऱ्या संशोधकाला हे प्रश्न आवडतात. आणि चालू औषध कुणाच्या भाषणावर बंद करू नका. आता सांगा, इथे गोळ्या कुणी कुणी सोडल्यात?"

मग अक्काने उशी बाजूला सारली आणि सगळ्यांत आधी स्वतःचा हात वर केला. तिच्या पाठोपाठ काकूंचा वर गेला, आजोबांचा गेला, आणि सिस्टर मोजत गेल्या तेव्हा त्या हॉलमध्ये एकतीस हात वर होते.