नाकारलेल्यांचा रविवार

"आपला चित्रपट निवड समितीने बारकाईने पाहिला," असं महोत्सववाल्यांनी नकारासोबत कळवलं. लिंक माझी, त्यामुळे कोणी किती पाहिलं ते मला दिसतं. पंच्याऐंशी मिनिटांपैकी चार. चौथ्या मिनिटाला माझे बाबा लिफ्टच्या खड्ड्यात नुसते उतरताहेत. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस खाली जाऊन काय करतो, हे बघायची कोणालाच गरज वाटली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाकारा, खुशाल नाकारा, पण वर खोटं कशाला बोलता?

"वहिनी, आता कोणाकोणाशी भांडणार?" धाकट्या दिराने विचारलं.

"कोणाशीच नाही. तुझं गोदाम दे."

त्याचा गाद्यांचा धंदा. रविवारी साडेपाचला माल भरायला ट्रक यायचा, तोवर गोदाम आमचं. आम्ही गाद्या रांगेत मांडल्या, खिडक्यांना ताडपत्री लावली, भिंतीवर पांढरं कापड ताणलं. दारावर मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'नाकारलेल्यांचा रविवार. इथे प्रत्येक चित्रपट शेवटपर्यंत पाहिला जातो.'

वेळ होता चार चित्रपटांपुरता. आले एकतीस.

त्या दुपारी गोदाम भरलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या गादीवर ताठ बसले होते. स्वतःला पडद्यावर बघायला ते आठ महिने थांबले होते. त्यांचा चित्रपट शेवटचा, चार वाजता.

पावणेचारला दारात एक उंच गृहस्थ आले. शाळेची बस चालवतो म्हणाले. हातात मीच पाठवलेलं नकाराचं पत्र होतं.

"ताई, तुम्ही लिहिलंय, बारकाईने पाहिला."

"हो."

"सहा मिनिटं पाहिलात. लिंक माझी आहे."

एकतीस चित्रपट होते, घरात पाहुणे होते, पडद्यावर रिकामी बस नुसती चालली होती. कारणं समितीकडेही असतीलच. आणि पत्रातलं ते वाक्य मी मला आलेल्या नकारातूनच उचललं होतं, सभ्य वाटलं म्हणून. मला स्वतःची जितकी चीड आली, तितकी महोत्सववाल्यांचीही आली नव्हती.

"सातव्या मिनिटाला मुलं चढतात," ते शांतपणे म्हणाले. "त्याआधी बस रिकामीच असते, ताई."

मागून बाबा उठून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"चारला यांचा लाव."

"बाबा, साडेपाचला ट्रक येतोय. मग तुमचा आज होणार नाही."

"अडकलेल्या माणसाला आधी बाहेर काढायचं असतं. मी काय, जिन्याने येईन."

मी दिवे मालवले आणि बाबांशेजारी बसले. रिकामी बस चालत राहिली. सातव्या मिनिटाला बसचं दार उघडलं, एक मुलगी चढली आणि बाबा पुढे सरकून बसले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी पडद्याकडेच बघत राहिले, शेवटपर्यंत.