भरल्या पोटी ठेवलेला कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे, आणि तोही विकतचा. काडेपेटीहून थोडी मोठी माझी डबी, तिच्यातून निघालेली एक वायर आणि टोकाला कानात घालायची गोळी. पोटात दोन सेल घातले की ऐकू न येणाऱ्या माणसाला माझ्यातून ऐकू यायचं.

मी राहतो ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या दौलतगंजात, माईंकडे. त्यांचा मुलगा जगदेव सरकारी कचेरीत. मध्यभारत हे राज्य होतं तेव्हा कचेरी उन्हाळ्यात इंदूरला जायची आणि थंडीत परत यायची, तिच्याबरोबर जगदेवही. अशाच एका खेपेला त्यानं मला आणलं. मला लावून माईंनी पहिल्यांदा ऐकला तो फोडणीचा चर्र आवाज. त्या दचकल्या, मग हसल्या, आणि जगदेवला म्हणाल्या, "आता चिल्लाऊ नकोस हं माझ्यावर! मशीन लावलंय मी. हळू बोल."

तेव्हापासून त्या घराला हळू बोलायची सवय लागली. पुढचं सगळं त्या सवयीनं झालं.

घराणं फौजेतलं. खंडेनवमीला पाटावर आजोबांची तलवार पुजायची रीत होती. तलवार थोरल्या दिरांकडे गेली आणि पाट रिकामा राहू लागला. त्या वर्षी माईंनी मला पाटावर ठेवलं. हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. मित्रांनो, तलवारीच्या जागी बसायला मिळालेला माझ्यासारखा दुसरा कुणी असेल असं वाटत नाही!

तेव्हाच राज्यं नव्यानं जोडली गेली आणि राजधानी भोपाळला निघाली. जगदेवचं बिऱ्हाडही निघालं. जाताना तो म्हणाला, "माई, वापरायचं नसलं तर सेल काढून ठेवत जा. नाहीतर ते फुटतात आतल्या आत."

"पुजलेली वस्तू आहे ती," माई म्हणाल्या. "तिला काय उपाशी ठेवू? भरल्या पोटी राहू दे. तू आलास की लगेच बोलेल."

आणि तो गेल्यावर मला लोकरीच्या फडक्यात गुंडाळून त्यांनी पितळी डब्यात ठेवलं. तो नाही तर ऐकायचं कुणाचं, म्हणून. इतक्या मायेनं मला कधीच कुणी ठेवलं नव्हतं.

थंडी गेली, लूचा गरम वारा सुटला, डबा तापू लागला. एका सेलला घाम फुटल्यासारखं झालं. त्याचं जस्ताचं आवरण आतून झिजलं होतं. खारट, चिकट पाणी झिरपलं, स्प्रिंगवर हिरवी बुरशी चढावी तसं साचलं, आणि वायरीचा सांधा खाऊ लागलं. मला सगळं कळत होतं. पण मी कान, मला तोंड नाही. डब्यात पडल्या पडल्या मी स्वतःचं कुजणं सोसत राहिलो.

भर उन्हाळ्यात जगदेव आला. नात्यातलं लग्न होतं, दुपारच्या गाडीनं परतायचं होतं. तो टांग्यातून दारात उतरला तशी माईंनी घाईनं मला लावलं, आवाजाचं चाक फिरवलं. काहीच नाही. पुन्हा फिरवलं. मी जीव खाऊन प्रयत्न केला, मित्रांनो, पण माझ्यातून साधी खरखरही निघाली नाही.

लेकानं कौतुकानं आणलेलं, ते बिघडलं म्हणून तो आल्या आल्या कसं सांगायचं? त्या स्वतःच बोलत सुटल्या. लोणचं, पाणी, शेजारच्या मंदाताईंची म्हैस. आपणच बोलत राहिलं की कुणी काही विचारत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

निघताना जगदेव त्यांच्यापुढे उकिडवा बसला. मशीन लावलेलं पाहून अगदी हळू म्हणाला, "माई, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालंय. मागं अंगण आहे. तुझ्यावाचून करमत नाही गं तिथं. येतेस का कायमची?"

दर खेपेला निघताना तो विचारायचा, पुढच्या वेळी काय आणू? माईंना तेच वाटलं. त्या हसून हात हलवत म्हणाल्या, "नको रे बाबा, काही नको. इथं मला काय कमी आहे?"

जगदेव उठला. मग पाया पडला आणि म्हणाला, "बरं. तुझी मर्जी." त्याचा आवाज कातर झाला होता. तोही मी पोचवू शकलो नाही.

टांगा गेल्यावर, अंगणात उभ्या राहून सगळं ऐकलेल्या मंदाताई आत आल्या आणि माईंच्या कानाशी ओरडल्या, "अहो, इतका जीव लावून भोपाळला बोलावत होता पोरगा! आणि तुम्ही ठाम नाही म्हणालात?"

"काय म्हणत होता?"

मंदाताईंनी पुन्हा सांगितलं. माई अनवाणी दारात धावल्या. गल्लीत नुसती धूळ होती.

मग त्यांनी माझं पोट उघडलं. ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन हळूहळू पुसलं, कोरड्या फडक्यानं टिपलं. स्प्रिंगच निखळून हातात आली. "भरल्या पोटी ठेवलं होतं रे तुला," एवढंच म्हणाल्या.

"पत्र टाकू का?" मंदाताईंनी खुणेनं विचारलं.

"नको. मशीन माझ्या हातून गेलं हे कळलं तर हळहळेल. दसऱ्याला येईल ना, तेव्हा सांगते." पण दारावरून त्यांची नजर हलली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी टॉर्च असेल, रेडिओ असेल. काम संपलं की त्याच्या पोटातले सेल काढून ठेवा. आमचा उपास चुकवू नका, आम्हाला तो सोसतो. आणि तुमचं माणूस 'नको' म्हणालं, तर टांग्यात बसण्याआधी आणखी एकदा विचारा. मोठ्यानं विचारा. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल.