नावांचा अध्याय

"अजून एक म्हण पोरी."

घराच्या दारातच माझे पाय थांबले. हा माझ्या नवऱ्याचा, सोमाजीचा आवाज. बावीस वर्षं मी या माणसाला रोज सकाळी चहाबरोबर बायबलचा अध्याय वाचून दाखवते. शुगरनं डोळे गेले त्याला आता सहा वर्षं झाली, त्याच्या आधीही वाचायचे. पण 'अजून एक' असं तो मला कधी म्हणाला नव्हता. अध्याय संपला की 'बरं' म्हणायचा आणि कप पुढे करायचा.

आत खाटेजवळ सुवार्ता बसली होती. सिरोंच्याकडची तेलुगू पोरगी. नवरा घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकवर, आणि दोघं आमच्याच बाजूच्या खोलीत भाड्यानं. मी अंगणवाडीत गेले की ही सोमाजीला, तिच्या 'भाऊं'ना, पाणी द्यायला येते, एवढं मला माहीत होतं. ती तेलुगूतून स्तोत्रं म्हणते, हे मला त्या दिवशी समजलं. त्या दिवशी मुलांच्या खिचडीचा गॅस संपला म्हणून मी लवकर आले होते.

मला पाहून ती उठली. "येतो बाई," म्हणाली आणि पदर सावरत गेली.

"तेलुगू समजते का तुम्हाले?" मी विचारलं.

"अर्धं समजते. खदानीत इतके वर्स तेलुगू मजुरायसोबतच काढले ना."

"मंग?"

"अर्ध्यानंच पोट भरते चंदा," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून हसला.

माझ्या पोटात काय झालं ते मी सांगते, लपवत नाही. जळलं. हिला ना धड मराठी येत, ना हिला वाचनाची शिस्त. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी शास्त्रपाठ मी वाचते. एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. मागच्या पाळकसाहेबांनी बदलीच्या वेळी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं. आणि घरचा माणूस कोणाच्या अर्ध्यामुर्ध्यावर पोट भरून राह्यला, तर हिच्या.

त्यात भर म्हणून स्त्री संघाच्या बैठकीत नवे पाळकसाहेब म्हणाले, "या रविवारी सुवार्ताबाईंना वाचू द्या. चंदाबाई, पाठ तुम्हीच निवडा."

मी निवडला. नव्या कराराचा अगदी पहिला अध्याय. त्यात नुसती नावं. ह्याला तो झाला, त्याला तो झाला, बेचाळीस पिढ्या. जिभेचे तुकडे पडतात. मी स्वतः तो घरी कधी वाचत नसे. थेट बाळाच्या जन्मापाशी जायचे.

त्याच संध्याकाळी सुवार्ता वही घेऊन दारात. "बाई, मले मराठी अक्षर जोडून जोडून वाचता येते. हे लय कठीण हाये. तुमी शिकवा ना."

"मले टाइम नाई बापा. अंगणवाडीचा सर्वे चालू आहे."

"इथी ये तू," सोमाजी आतून म्हणाला. "तू वाच, मी ऐकतो. चुकलं का सांगतो."

"आंधळ्याले काय समजणार चुकलं का नाई ते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सुवार्ता खाली बघत राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

मग आठवडाभर मी अंगणवाडीत आणि ती दोघं माझ्या घरात, माझ्याच बायबलवर. मीच घातलेला घाट. एका दुपारी मी घरी आले तर ती विचारत होती, "भाऊ, इथी एका बाईचं नावच नाई लिहिलं. नुसतं नवऱ्याचं लिहून त्याची बायको म्हटलं. काऊन जी?"

"राहून गेलं असंन. तू तिथी थोडी थांबत जाय. तिच्यासाठी."

रविवारी मी पहिल्यांदाच सोमाजीजवळ बाकावर बसले. एरवी पाठाच्या वेळी मी पुढे असते. खरं सांगते, ती कधी अडखळते याची मी वाटच पाहत होते. ती अडखळलीच. तिसऱ्या ओळीतच जीभ अडकली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या जिवाला थंडक पडली.

ती पुन्हा सुरू झाली. एकेक नाव सावकाश, लग्नाच्या मांडवात एकेका पाहुण्याला हाक मारून बसवावं तसं. हसणं थांबलं. त्या बिननावाच्या बाईपाशी ती थांबली, तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

मी सोमाजीकडे पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर उघडा होता. तळवा वर, जरासा खोलगट. देवळात प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांकडून भाकर घ्यायला धरतो तसा.

मी बावीस वर्षं त्याला वाचून दाखवते. वाचताना माझी नजर पानावर असते. तो ऐकताना कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

घरी येऊन तो म्हणाला, "हे नावं तू मले कधी वाचून नाई दाखवले."

"तुम्हाले कंटाळा येईन म्हणून सोडत होती."

"मले येईन, का तुले येत होता?"

मी त्याचा सदरा खुंटीला लावला. मग विचारलं, "मी वाचते तवा बी असाच हात धरता का तुमी?"

"कसा?" त्यानं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी चहा ठेवला, खिडकीतली कोळशाची धूळ पुसली आणि तोच अध्याय उघडला. एकाही नावाला चुकले नाही. मध्येच मान वर करून पाहिलं. हात मांडीवर होता, मूठ मिटलेली. अंगठा चादरीचा काठ चोळत होता. अंगणवाडीत हजेरी घेताना पोरं बसतात तसा बसला होता तो, आपलं नाव होईपर्यंत.

"थांबली काऊन?" तो म्हणाला.

सुवार्ताला हाक मारू नये, असं शंभरदा वाटलं. मग मी उठून भिंतीवर थाप मारली.

"सुवार्ता, चहा झाला वो. ये."

ती ओल्या हातांनीच आली. मी तिचे हात माझ्या पदरानं पुसले, बायबल तिच्या हातात दिलं आणि खाटेसमोर खाली बसले. तिनं पहिलं नाव जोडून जोडून वाचलं. जळत होतंच. मी तशीच बसून सोमाजीच्या मुठीकडे पाहत राहिले. चौथ्या नावाला मूठ उघडली.