बिनगाठीचा मुडा

नम्रताला एक खोड होती. बंद दिसेल ते उघडून बघायचं. लहानपणी तिने आजोबांचं घड्याळ उघडलं, ते पुन्हा म्हणून चाललं नाही. त्यामुळे धसईच्या बियाणे संस्थेने तिला कॉम्प्युटरवर बसवलं, तेव्हा घरच्यांना काळजी वाटली ती संस्थेची.

पण २००५ च्या मे महिन्यात गाडं उलटं अडलं. जे उघडायचं होतं तेच उघडत नव्हतं.

कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता. दुरुस्तीला मुरबाडहून हरेश आला आणि सगळं पुसून नव्याने भरावं लागेल म्हणाला. पुसण्याआधी नम्रताने संस्थेचे सगळे मेल एका सीडीवर उतरवले आणि सीडी कपाटात कुलपात ठेवली. हरेश काम करून गेला. मग तिने सीडीवरच्या फाइली कॉम्प्युटरवर घेतल्या आणि मेलच्या प्रोग्रॅमला दाखवल्या. तो म्हणे, इथे मेल सापडत नाहीत, नाहीतर दुसरं कुणीतरी ते उघडून बसलंय. दुसरं कोण बसणार? खोलीत ती होती, आणि बाकावर लहानी.

लहानी डोंगरातल्या पाड्यावरची. तिचा नवरा नवसू माघात वारला. तो भाताच्या जुन्या जाती राखायचा. बियाणं पेंढ्यात गुंडाळून त्याचे मुडे बांधायचा आणि ओळख म्हणून त्यांना गाठी मारायचा. कुठली गाठ कुठल्या भाताची, हे त्याच्या डोक्यात. गेल्या वर्षी त्याने ते नम्रतासमोर बसून सांगितलं होतं, आणि तिने ते टाइप करून पुण्याच्या एका शास्त्रज्ञ बाईंना मेलने धाडलं होतं. त्या बाई आता परदेशी गेल्या होत्या, त्यांचा पत्ता बंद होता; नवसूचं सांगणं उरलं होतं ते तेवढ्या मेलमध्येच.

माळ्यावर पाच मुडे होते. चारांना गाठी होत्या, पाचवा बिनगाठीचा. आजारपणात मारायची राहिली असेल, असं लहानीला वाटे. मुडा सोडायचा तो पेरणीच्या दिवशी, शेताच्या बांधावर, त्याआधी नाही, ही पाड्याची रीत. लवकर पिकणारा हळवा भात खोलगट खाचरात गेला तर कुजणार, उशिरा पिकणारा गरवा माळावर गेला तर पाण्यावाचून वाळणार, आणि वर्षाचं खाणं जाणार. पेरणी आठ दिवसांवर आली होती.

"गवसला काय गो?" लहानीने विचारलं.

"हाय मावशी, पण उघडत नाय."

नम्रताने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फाइली पुन्हा उतरवल्या. एक फाइल दुसऱ्या जागी ठेवून पाहिली. खरं सांगायचं तर तिला आता मजाही यायला लागली होती, आणि त्याची तिला लाजही वाटत होती. फाइलीची माहिती उघडली, तर तिथे 'फक्त वाचण्यासाठी' असल्या अर्थाची एक खूण होती. ती तिने सकाळीच पाहिली होती. आपल्याला वाचायचंच तर आहे, मग बरोबरच की, म्हणून सोडून दिली होती.

"कपाटातनं काढलास ना त्यो?" लहानी म्हणाली.

"काढला. कॉम्प्युटरवर घेतला."

"आमी मुडा माळ्यावरनं काढून बांधावर नेतो. नेला म्हून सुटत नाय बाय. त्यो बांधलेलाच ऱ्हातो. सोडावा लागतो."

नम्रताचा हात थांबला. सीडीवर एकदा लिहिलं की त्यात फेरफार होत नाही. ते कुलूप फाइलींबरोबर इकडे आलं असलं तर? आणि हा प्रोग्रॅम नुसता वाचणारा नसेलच, उघडल्यावर आत आपली काहीतरी नोंद करत असेल. तिने एकेका फाइलीवरची ती खूण काढली आणि फाइली प्रोग्रॅमला पुन्हा दाखवल्या. हिरवी पट्टी सरकली आणि जुने मेल भराभर उतरले. त्यांत नवसूने सांगितलेला मेलही होता.

ती मोठ्याने वाचू लागली. एक गाठ डांगी, वरच्या माळावर. दोन गाठी पाटणी, माळाच्या खालच्या अंगाला. तीन गाठी राता, मधल्या खाचरात. चार गाठी कोळपी, खोलगटात. लहानी बोटं दुमडत ऐकत होती.

"'पाचव्या मुड्याला मी गाठ मारत नाय. तो लहानीच्या माहेरचा. तिनं आणलेल्या बियाला मी खूण करणारा कोण? नाव, जागा, सगळा तिलाच इचारा.'"

हे आपणच टाइप केलं होतं, आणि विचारायला मात्र कधी गेलो नाही, हे नम्रताला आत्ता आठवलं. तिने नवीन पान उघडलं.

"काय नाव मावशी त्या भाताचं?"

लहानीने दुमडलेली बोटं सोडली.

"तानीसाल. माझे आयेची आय तानी, तिनं राखलेला. वढ्याच्या कडंला लावायचा." मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "दरसाली पेरताना त्यो मला इचारायचा, यो कुठं लावू? मला वाटं, याच्या ध्यानातच ऱ्हात नाय."