किमखाबाची फाट

मानवतच्या पेठेत सटवाजी शिंप्याने पायमशीन आणलं, तेव्हा त्याची विधवा भावजय तानुबाई काही बोलली नव्हती. पण तालुकदाराच्या बेगमेने लेकीच्या निकाहाच्या कुर्त्यासाठी जरीचं किमखाब कापड पाठवलं, तेव्हा मात्र ती म्हणाली, "भावजी, हे हातानंच शिवू. जरीला मशीनचे दाते सोसायचे न्हाईत."

"निकाह परवा हाय, वैनी," म्हणत सटवाजीने पाय चालवला.

बाह्या सरसर जोडून झाल्या. छातीपाशी मात्र जर दात्यांत गुंतली. त्याने पाय आवरेपर्यंत चर्र झालं. ऐन समोर दोन बोटं फाट.

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बनारसच्या त्या कापडाची चिंधीसुद्धा उरली नव्हती. तालुकदाराचा राग साऱ्या तालुक्याला ठाऊक होता.

तानुबाईने कुर्ता मांडीवर ओढला. शिवणीत दबलेल्या कडेतून रेशमाचा एकेक तार उपसून ती फाटीत उभा-आडवा विणू लागली. तार तुटला की दुसरा. "तुमी खालचा घेर मशीनवर घ्या," ती मान वर न करता म्हणाली. "पर सावकाश."

दुसऱ्या दिवशी हवेलीच्या दारात सटवाजी तिच्या कानाशी लागला, "इचारलं तर कापडातच दोष होता म्हणा." ती आत गेली. तो पडद्याबाहेर उभा राहिला.

आतून बेगमेचा आवाज आला, "ये जगह ऐसी क्यों है?"

सटवाजीने पडद्याला कान लावला.

"मशीनमंदी फाटलं, बेगमसाब," तानुबाई म्हणाली. "मी इनलं."

बराच वेळ नुसती कापडाची सळसळ. मग पोरीचा आवाज, "अम्मी, मुझे तो दिखताच नहीं."

"उजाले में धरो," बेगम म्हणाली. खिडकी उघडल्याचा आवाज आला. शेवटी ती म्हणाली, "सच बोले, अच्छा किये. निकाह के बाद की दावत, वलीमे का जोड़ा भी तुमीच सीना. मगर यहाँ, मेरे सामने. हाथ से."

परतताना अर्धी पेठ ओलांडून झाली. मग सटवाजी म्हणाला, "कुणी फाडलं असं इचारलं असतं, तर माझं नाव सांगितलं असतं?"

"इचारलंच न्हाई तिनं," तानुबाई म्हणाली.

घरी आल्यावर सटवाजीने आपलं जुनं उपरणं घेतलं, मधोमध चीर पाडली आणि तिच्यापुढं बसला. "दावा," तो म्हणाला, "तार कसा उपसायचा."